घरच्या हिशोबाची फाइल उघडत नाहीये? आधी कुलूप कुठलं ते बघा

हिशोबनीस

नमस्कार मंडळी.

जुलै जवळ आला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. विवरणपत्र भरायचंय, हिशोबाची फाइल उघडत नाहीये, पासवर्ड लागत नाहीये. नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच घरांचे हिशोब मी लावून देतो, त्यामुळे हा प्रसंग जवळून पाहतो. माणूस घाबरतो, एकामागून एक पासवर्ड मारत सुटतो, आणि नक्की कशाचा पासवर्ड मागितला जातोय हे बघायचंच राहून जातं. म्हणून हा धागा.

कुलूप लॅपटॉपला असू शकतं, फाइलला असू शकतं किंवा कंपनीच्या सर्व्हरवरच्या तुमच्या खात्याला असू शकतं. खात्याचं कुलूप असेल तर फार काळजी नको. ओटीपी, ईमेल, आधार, शाखेत जाऊन सही, असा कुठला तरी मार्ग निघतो, कारण पलीकडे तुमची ओळख पटवून घेणारं कुणीतरी आहे. फाइलच जर एन्क्रिप्ट केलेली असेल, म्हणजे आतला मजकूरच सांकेतिक रूपात बदललेला असेल, तर पलीकडे कुणीच नाही. पासवर्ड हीच किल्ली, आणि ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडेही नसते. हे दोन प्रकार वेगळे आहेत एवढं कळलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

एक्सेलचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे निम्म्या घरांचा हिशोब तिथेच असतो. फाइल उघडते, आकडे दिसतात, फक्त बदल करता येत नाही, असं असेल तर ते शीट प्रोटेक्शन आहे. त्यात एन्क्रिप्शन नसतं. .xlsx ही खरं तर झिप फाइल असते. प्रतीचं नाव बदलून .zip केलं, आतल्या शीटच्या एक्सएमएल फाइलमधला शीटप्रोटेक्शन हा टॅग काढला आणि परत बांधली की शीट मोकळी होते. पण फाइल उघडतानाच पासवर्ड मागत असेल तर ते खरं कुलूप आहे. एक्सेल २००७पासून त्यासाठी एईएस नावाचं भक्कम एन्क्रिप्शन वापरलं जातं आणि त्याला मागचं दार नाही. १९९७ ते २००३च्या काळातल्या .xls फाइलींचं कुलूप मात्र सहसा ४० बिटांचं, आजच्या संगणकांपुढे कच्चं. त्यामुळे जुनी .xls असेल तर आशा सोडू नका.

दुसरा नेहमीचा प्रसंग म्हणजे लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. लोकांना वाटतं व्हायरस आला. तो बिटलॉकर असतो, विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. अपडेटनंतर किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलल्यावर तो असा अडून बसतो. बहुतेक घरगुती लॅपटॉपवर ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप साठवलेली असते. दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात शिरा, उपकरणांच्या यादीत ती सापडेल. डिस्क फॉरमॅट करून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याआधी हो म्हणू नका, ही हात जोडून विनंती. फॉरमॅट झाल्यावर की सापडून उपयोग नसतो.

आणि काहीही करण्याआधी फाइलची प्रत काढा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय चालतं हे एका जागी जमलं तर अनेकांना उपयोग होईल.

कृष्णाकाठ

चांगला धागा. आमचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. वडील घरचा आणि दुकानाचा हिशोब एकाच टॅलीत ठेवायचे. कंपनी निवडायच्या यादीत नावाच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात. वडिलांना आता आठवत नाही. ॲडमिनचा पासवर्ड माहीत आहे, त्याने उघडेल का?

हिशोबनीस

@कृष्णाकाठ, नावाच्या जागी चांदण्या म्हणजे टॅलीव्हॉल्ट, कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट करणारी टॅलीची सोय, लावलेला आहे. ॲडमिनचा पासवर्ड त्याच्या आतल्या दाराचा, व्हॉल्ट बाहेरच्या दाराचा. व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवता येत नाही, असं टॅलीच स्पष्ट सांगते. "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्या कुणाला पैसे देण्याआधी जुने बॅकअप शोधा. व्हॉल्ट लावायच्या आधी घेतलेला बॅकअप त्या पासवर्डशिवाय उघडेल. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचा १०००० सारख्या आकड्याचा स्वतंत्र फोल्डर असतो, ते सगळे बघा. जुना संगणक, जुनी पेनड्राइव्ह, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या करसल्लागाराचं ऑफिस. दर वर्षी ऑडिटला किंवा विवरणपत्राला डेटा दिला असेल तर त्यांच्याकडे प्रत असण्याची शक्यता बरीच आहे.

सातारी_कंदी

ग्नूकॅश हे हिशोबाचं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. माझ्या भावाला "फाइलला कुलूप आहे" अशा अर्थाचा संदेश आला आणि तो पासवर्ड शोधत बसला होता. ग्नूकॅशमध्ये फाइलला पासवर्ड लावायची सोयच नाही! तो संदेश .LCK नावाच्या छोट्या फाइलमुळे येतो. फाइल आधीच कुठेतरी उघडी आहे, किंवा मागच्या वेळी वीज गेल्यामुळे प्रोग्रॅम नीट बंद झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरीकडे उघडी नाही याची खात्री करून "तरीही उघडा" म्हणायचं. शिवाय दर सेव्हला तारीख-वेळ घातलेली जुनी प्रत शेजारीच राहते, ती पुसू नये.

पासवर्ड नाही हे काहींना धोक्याचं वाटेल. मला ते आवडतं. कुलूप डिस्कला लावावं, हिशोबाच्या फाइलला नको. घरातलं दुसरं माणूस निदान तिथपर्यंत पोहोचतं.

लेस्टरवासी

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक मुद्दा, कारण यात माझ्या मित्राचा अख्खा शनिवार गेला. भारतातून आणलेल्या लॅपटॉपवर अमेरिकन कीबोर्ड मांडणी असते, इथल्या लॅपटॉपवर ब्रिटिश. अमेरिकन मांडणीत शिफ्ट आणि २ दाबलं की @ येतं, ब्रिटिश मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह. @ मात्र शिफ्ट आणि एकेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे बोटं बरोबर असूनही अक्षर चुकतं. तीच गोष्ट मराठी कीबोर्ड चुकून चालू राहिल्यावर. आधी नोटपॅडमध्ये टंकून बघावं आणि तिथून चिकटवावं. मोबाइलवर पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं आणि सुचवलेला शब्द निवडला की मागे एक मोकळी जागा येते, तेही तपासा.

अमेरिका-कॅनडात बरेच जण क्विकन हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात तीन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात: क्विकनच्या खात्याचा, डेटा फाइलचा आणि बँकांचे पासवर्ड साठवणाऱ्या पासवर्ड व्हॉल्टचा. खात्याचा बदलून मिळतो. व्हॉल्टचा विसरलात तर व्हॉल्ट रीसेट करायचा. साठवलेले बँकांचे पासवर्ड जातात, व्यवहारांच्या नोंदी तशाच राहतात. फाइलचा विसरलात तर मात्र जुने बॅकअप शोधायला लागा.

ओसरी

हिशोबनीसदादा, माझी अडचण जरा वेगळी आहे. सासूबाईंनी स्वतःची पेन्शन, ठेवी आणि भिशी यांचा एक्सेलमध्ये फार सुरेख हिशोब ठेवलाय. पासवर्ड त्यांना तोंडपाठ आहे आणि तो मराठीत आहे. "कऱ्हाड" हा शब्द आणि पुढे आकडे. जुन्या संगणकावर उघडायची. नवीन लॅपटॉपवर तोच शब्द तसाच्या तसा लिहिला तरी चुकीचा म्हणतो. जुना संगणक आता सुरूच होत नाही. त्या फार अस्वस्थ आहेत, स्वतःवरचा विश्वास गेल्यासारखं झालंय त्यांचं.

बिटबाइट

@ओसरी, काकूंना आधी सांगा की त्यांची आठवण बरोबर आहे. चूक संगणकाची असण्याची दाट शक्यता आहे.

"ऱ्ह" आणि "ऱ्य" मधला तो आडवा र दोन प्रकारे लिहिला जातो. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट आणि जे दाबून नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त आणि मग ह. काही फोनेटिक पद्धतींत मात्र साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर, आणि मग ह असा क्रम पडतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात, आणि पासवर्ड तपासताना तो आकार बघत नाही, आतले संकेतांक बघतो. "ॲ"चंही तसंच, एक अक्षर म्हणून किंवा अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असं जोडून. आकडेही तपासा: ५ आणि इंग्रजी पाच वेगळे.

जुन्या संगणकावर कुठली टंकनपद्धत होती ते विचारा. फोनेटिक असेल तर तीच इथे बसवून नोटपॅडमध्ये शब्द लिहा आणि पासवर्डच्या चौकटीत चिकटवा. दोन रूपं ऱ ची, दोन रूपं आकड्यांची, म्हणजे चारच शक्यता होतात.

बाकीच्यांसाठी पासवर्ड शोधण्याचं साधं गणित सांगतो. आठ अक्षरी पासवर्ड, फक्त इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे धरले तरी ३६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २ लाख ८२ हजार कोटी शक्यता. सेकंदाला १००० तपासल्या तर ८९ वर्षं. पण आपल्या माणसाची सवय माहीत असेल तर चित्र बदलतं. घरातली नावं, गाव, कुलदैवत असे ४० शब्द, पुढे १०० पैकी एखादं साल, शेवटी १० पैकी एखादं चिन्ह, पहिलं अक्षर मोठं किंवा लहान. झाल्या ८०,००० शक्यता. त्याच वेगाने दीड मिनिटाच्या आत संपतात. जॉन द रिपर किंवा हॅशकॅट ही मोफत साधनं हे काम आपल्याच संगणकावर करतात, फाइल बाहेर कुठे पाठवावी लागत नाही. म्हणून घरातल्यांनी एकत्र बसून सवयी आठवणं हा सगळ्यात जोरकस उपाय आहे. अर्थात फाइल आपली किंवा घरच्यांच्या संमतीची असेल तरच.

ऑनलाइन "पासवर्ड काढून देतो" म्हणणाऱ्या साइटवर हिशोबाची फाइल कधीही चढवू नका. त्या फाइलमध्ये तुमचे खाते क्रमांक, पॅन, ठेवींच्या रकमा सगळं असतं.

निवृत्त_रोखपाल

बिटबाइट यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. भर एवढीच की इंटरनेटवर शोधून सापडलेल्या "कस्टमर केअर" नंबरवरही फोन करू नका. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबरच वापरा. कुणी स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावलं तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मी बँकेत काउंटरवर आयुष्य काढलं. घरातला कर्ता माणूस गेल्यावर कुटुंबं लॅपटॉप घेऊन यायची आणि म्हणायची, "साहेब, सगळं यात आहे पण उघडत नाही." त्यांना मी एकच सांगायचो की तुमचे पैसे त्या लॅपटॉपमध्ये नाहीत, आमच्याकडे आहेत, आणि ते मिळवायला त्यांचा पासवर्ड लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसदाराची ओळख आणि दाव्याचा अर्ज लागतो. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गेलेल्या माणसाच्या नेट बँकिंगमध्ये शिरून पैसे वळवू नका. घरातले ते चांगल्या हेतूने करतात, पण पुढे वारसांमध्ये वाद झाला तर तेच अंगाशी येतं.

कुठल्या बँकेत काय आहे हेच माहीत नसेल, आणि खातं दहा वर्षं किंवा जास्त काळ पडून असेल, तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३पासून. म्युच्युअल फंडांच्या विस्मरणात गेलेल्या फोलिओंसाठी सेबीने २०२५ मध्ये मित्र ही सोय आणली. आणि १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. ज्यांनी अजून एकाचंही केलं नसेल त्यांनी पासवर्डची चिंता सोडून आधी ते करावं.

लेस्टरवासी

@निवृत्त_रोखपाल, फार मोलाचं. इथून एक भर: आमच्यासाठी खरं कुलूप म्हणजे भारतातला मोबाइल नंबर. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. त्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवस वाढते. नंबर गेला की ओटीपी गेला, आणि मग प्रत्येक बँकेशी परदेशातून पत्रव्यवहार. ते रिचार्ज चुकवू नका.

अर्धा_करसल्लागार

विवरणपत्राच्या तोंडावर फाइल उघडत नसेल तर फाइलच्या मागे न लागता आकडे दुसरीकडून गोळा करा. प्राप्तिकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण आहे, त्यात व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांचे व्यवहार दिसतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत. डिपॉझिटरीकडून (एनएसडीएल, सीडीएसएल) येणाऱ्या एकत्रित विवरणाला पॅन मोठ्या अक्षरांत. लोक या लहान-मोठ्या अक्षरांवरच अडतात. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेककडून फंडांचं सुरुवातीपासूनचं सविस्तर विवरण नोंदवलेल्या ईमेलवर मागवता येतं, त्याचा पासवर्ड मागवताना आपणच ठरवायचा असतो. बँकेला व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षं ठेवाव्याच लागतात, तेव्हा जुने उतारे शाखेतून निघतात.

फाइलसोबत गेलेली खरेदीची किंमत हा खरा जिव्हाळ्याचा प्रश्न. आजोबांनी घेतलेले शेअर, किंमत फक्त त्या वहीत किंवा फाइलमध्ये. तिथे दिलासा असा की ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेल्या, शेअर बाजारात नोंदणी असलेल्या शेअरवर दीर्घकालीन नफा मोजताना त्या दिवसाचा बाजारभाव धरायची सोय आहे, विक्री किंमत त्याहून कमी असेल तर विक्री किंमत. मूळ किंमत याहून जास्त असेल तरच ती लागते. जुन्या शेअरच्या बाबतीत असं क्वचितच होतं, म्हणजे हरवलेल्या आकड्याने सहसा बिघडत नाही. वडिलोपार्जित घराचंही तसंच, १ एप्रिल २००१च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यमापकाकडून करून घेता येतं.

किराणा आणि दूधवाल्याच्या नोंदी गेल्या तर जाऊ द्या. शेअर, घर आणि कर्ज एवढं पुन्हा उभं करा.

सातारी_कंदी

@अर्धा_करसल्लागार, किराणा जाऊ द्या हे पटत नाही. आईच्या पंधरा वर्षांच्या घरखर्चाच्या नोंदी आमच्यासाठी ठेवीच्या पावतीइतक्याच मोलाच्या आहेत. करासाठी नसतील लागत. पण कुलूपबंद फाइल टाकून देऊ नका, असं मी सगळ्यांना सांगेन. जागा कितीशी लागते?

अर्धा_करसल्लागार

मान्य. मी विवरणपत्राच्या मुदतीपुरतं बोलत होतो. फाइल जपावीच.

कृष्णाकाठ

करसल्लागारांच्या ऑफिसात तीन वर्षांपूर्वीचा बॅकअप मिळाला! व्हॉल्ट नव्हता त्याला. पुढची तीन वर्षं बँक उतारे आणि जीएसटी विवरणांवरून भरून काढतोय. वडील शेजारी बसून पार्ट्यांची नावं सांगताहेत.

आता पासवर्ड कुठे लिहून ठेवावा यावर सांगा. कागदावर लिहू नये म्हणतात.

हिशोबनीस

अभिनंदन! मनापासून आनंद झाला.

कागदाबद्दल माझं मत ठाम आहे: लिहावा. भिंतीवर किंवा लॅपटॉपला चिकटवून नव्हे, तर बंद पाकिटात, दागिने आणि खरेदीखत जिथे ठेवता तिथे. घरात चोर शिरून एक्सेलचा पासवर्ड शोधेल याची शक्यता आणि घरातलं माणूस आजारी पडून फाइल बंद राहील याची शक्यता यांची तुलना करा. मी दुसरी पुष्कळ वेळा पाहिली आहे, पहिली कधीच नाही. बँकेचा पिन मात्र त्या पाकिटात नको. तो बदलून मिळतो, लिहून ठेवायचं कारणच नाही. पाकिटात ज्या कुलपांना दुसरी किल्ली नाही तेवढीच लिहायची: एन्क्रिप्ट केलेली फाइल, टॅलीव्हॉल्ट, बिटलॉकरची की, सगळे पासवर्ड एकत्र साठवणाऱ्या पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड आणि गूगल खात्याचे बॅकअप कोड.

बिटबाइट

पासवर्ड मॅनेजरबद्दल पुस्ती. कीपास किंवा बिटवॉर्डन, दोन्ही उत्तम. पण मुख्य पासवर्ड हरवला तर दोन्हीकडे फाइलसारखीच गत, म्हणून तो पाकिटात हवाच. कीपासला किल्ली म्हणून वेगळी फाइल (की फाइल) लावली असेल तर तीही वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. ती नसेल तर बरोबर पासवर्ड असूनही उघडणार नाही.

ओसरी

उघडली!! फोनेटिक पद्धत बसवून नोटपॅडमध्ये लिहिलं आणि चिकटवलं. आकडे मराठी होते. सासूबाईंनी स्वतः एंटर दाबलं. बिटबाइट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. त्यांनी लगेच भिशीचा हिशोब काढून दाखवला, एका बाईचे दोन हप्ते राहिलेत ते त्यांना तोंडी आठवत होतं, ते फाइलमध्ये तसंच निघालं.

आता पासवर्ड बदलून इंग्रजी आकड्यांचा करावा का? त्यांना मराठीच हवा आहे.

बिटबाइट

मराठीच ठेवा, फक्त ऱ आणि ॲ नसलेला शब्द घ्या आणि आकडे इंग्रजी. बदलण्याआधी एक प्रत सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, काढून ठेवा. ती प्रत उघडी असते, तेव्हा पेनड्राइव्ह कपाटात, लॅपटॉपच्या पिशवीत नको. सीएसव्ही फक्त समोरच्या शीटची निघते, म्हणून पेन्शन, ठेवी आणि भिशी यांच्या तिन्ही शीट वेगवेगळ्या काढा. सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हा पर्याय निवडा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.